पायावरचे ठिपके आणि लघवीची तपासणी

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह म्हणजे शरीराचे संरक्षणच. काम झाले की तो शमतो. पण काही वेळा तो आवरत नाही आणि आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटतो.

लहान मुलांत याचे नेहमी दिसणारे उदाहरण म्हणजे हेनॉक-शोनलाइन पर्प्युरा. (आता त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात.) बहुधा सर्दी किंवा घसादुखी होऊन गेल्यावर पायांवर व ढुंगणावर जांभळट-लाल, हाताला उंच लागणारे ठिपके उठतात. आयजीए ही प्रतिपिंडे बारीक वाहिन्यांच्या भिंतीत साचतात, भिंत सुजते आणि रक्त कातडीखाली झिरपते. म्हणूनच पित्ताच्या गांधी दाबल्यावर फिक्या होतात, हे ठिपके होत नाहीत.

हाच प्रकार सांध्यांत झाला तर गुडघे-घोटे दुखतात. आतड्यात झाला तर पोटात कळा येतात. बहुतेक मुले महिना-दीड महिन्यात बरी होतात. मात्र मूत्रपिंडातील गाळणीही अशाच बारीक वाहिन्यांची असते. तिला इजा झाली तरी सहसा काही दुखत नाही. फक्त लघवीत रक्त व प्रथिने उतरतात. म्हणून ठिपके गेले तरी पालकांनी निदान ६ महिने डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलाची लघवी व रक्तदाब तपासून घ्यावा.

पोटात असह्य कळा, शौचात रक्त, किंवा ठिपक्यांबरोबर जोराचा ताप व ग्लानी असल्यास घरगुती उपाय करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.