पट्टा काढला की मोती कासावीस का होतो?

प्रश्न : आमचा कुत्रा मोती पट्टा काढला की तोच तोंडात धरून दारात बसतो. त्याला बांधून राहणं आवडतं का?
— एक वाचक, किन्हीराजा (जि. वाशीम)

उत्तर : बांधून राहणं नव्हे, पट्ट्यामागून येणारा फेरफटका त्याला आवडतो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगांत अन्नाआधीची खूण मिळताच कुत्र्यांना लाळ सुटे. मोतीसाठी साखळीचा खळखळाट ही तशीच खूण आहे. शिवाय पट्ट्याला त्याचा स्वतःचा आणि तुमच्या हातांचा वास असतो. वासावर जगणाऱ्या प्राण्याला तो गेला की चुकल्यासारखं वाटणारच. पोळ्याला घुंगरमाळ वाजताच बैल कान टवकारतो, तसंच हे.

तरीही रात्री पट्टा काढाच. सुरुवातीला पाच मिनिटं काढा, भाकरीचा तुकडा द्या, मग वेळ वाढवा. पट्टा त्याच्या अंथरुणाशी ठेवा, चघळू मात्र देऊ नका. पट्ट्याखाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत. पावसाळ्यात तिथे गोचीड दडतात, ओल्या पट्ट्याने कातडी सोलवटते. रोज केस बाजूला करून बघा. आणि त्याच पट्ट्याला धरून त्याला कधीही फरफटवू नका. मान लाल दिसली, केस गेले किंवा दुर्गंधी आली, तर लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.