वाकडे येऊन सरळ उतरणे

मागच्या आषाढात मी वडिलांबरोबर कळंबहून नेरळला आणि तेथून लोकलने मुंबईला निघालो होतो. घाटकोपरजवळ एक विमान अगदी डोक्यावरून गेले. त्याचे तोंड एकीकडे आणि जाणे दुसरीकडे! वडील म्हणाले, "अरे, हे तर वाकडंच चाललंय!" शेजारचे प्रवासी हसले. मला हसू आले नाही, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हते. ते नंतर शोधले.

मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात विमाने बहुधा पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. म्हणून त्या बाजूने तिचा क्रमांक २७, म्हणजे सुमारे २७० अंश. वारा मात्र नैर्ऋत्येचा. समजा, तो २४० अंशांवरून २० नॉट वेगाने येत आहे. फरक ३० अंशांचा, आणि शाळेत शिकलेला साइन ३० म्हणजे अर्धा. तेव्हा विमानाला डावीकडून ढकलणारा वारा १० नॉटचा, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा झाला. उल्हास नदी भरलेली असताना समोरचा काठ गाठायचा तर होडीचे तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरावे लागते, तसेच हे. १४० नॉटने येणारे विमान नाक सुमारे ४ अंश डावीकडे ठेवते, तेव्हा ते सरळ रेषेत पुढे सरकते. इंग्रजीत या चालीला खेकड्याचेच नाव आहे. शेताच्या बांधावरची चिंबोरी पाहिलेल्याला निराळे सांगायला नको.

खरी कसोटी शेवटच्या काही सेकंदांची. तसेच तिरके टेकले तर चाकांवर आडवा ताण येतो. म्हणून जमीन जवळ येताच वैमानिक उजवे पेडल दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणतो. पण त्याच क्षणी डावा पंख वर उचलला जाऊ पाहतो, म्हणून हाताने तो वाऱ्याकडे किंचित खाली धरावा लागतो. पाय उजवीकडे, हात डावीकडे! पंख फार झुकवला तर त्याखालचे इंजिन जमिनीला घासेल. डावी चाके आधी टेकली तरी चालते. टेकल्यावरही हात सैल सोडायचा नाही. ओल्या धावपट्टीवर टायरची पकड कमी, म्हणून आडव्या वाऱ्याची मर्यादाही कमी धरतात.

२१ जुलै २०२५ रोजी कोचीहून आलेले एअर इंडियाचे विमान मुसळधार पावसात याच धावपट्टीवर उतरल्यावर बाहेर घसरले. प्रवासी सुखरूप राहिले. जमेना तर विमान पुन्हा वर उचलून फेरी मारायची, हाही या विद्येचाच भाग आहे. तेव्हा आत बसलेले लोक कुरकुरतात म्हणे.

वडिलांना मी हे सारे ताटलीवर चमचा तिरका धरून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे चूक आपली होती, त्याची नव्हती."