उधारीची वही

या आठवड्याचा पाठ नाक्यावरच्या पसरकाराविषयी आहे, आणि तेवढाच आपल्याविषयी.

२०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे वर्षाला ५ कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. आपल्या पसरकाराला किंवा सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला असा नियम नाही. म्हणून त्याला कर्तव्यच नाही, असे मात्र नव्हे.

डिचोलीत आपण हे पाहिले आहे. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्यंतरी थोड्या चालू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रक दारात उभे, बँकेचे हप्ते डोक्यावर. गॅरेजवाला, टायरवाला, चहाचा गाडा, सगळ्यांचीच कमाई आटली. अशा दिवसांत ज्याने तांदूळ-तेल वहीत लिहून दिले, त्याने आपले भांडवलच काढून दिले. घाऊक व्यापारी त्याच्यासाठी थोडाच थांबतो!

पण उधारी दिली की झाले, असेही नाही. उधारीवाल्याला दर रोखीचाच हवा, मापही तेच. आणि चार माणसांदेखत बाकी मागू नये. (हे आम्हां बायकांना जास्त कळते, सामानाला आम्हीच जातो ना!)

आता आपली बाजू. हातात पैसे आले की शहरातल्या मोठ्या दुकानात नाहीतर मोबाईलवरून महिन्याचे सामान भरायचे, आणि महिनाअखेरीस साखर संपली की पसरकाराची वही. रोख तिकडे, उधारी इकडे! त्याने दुकान चालवावे कसे? वही बंद झाली तर आपले एक वेळ निभेल, पण शेजारच्या रोजंदारीवरच्या घराचे काय?

पेडण्याच्या किनारी भागात गोष्ट थोडी वेगळी. मोरजी-मांद्रेला गिऱ्हाईक बाहेरचे, तिथे वहीचा प्रश्न नाही. तिथे हिवाळ्यात कासवे वाळूत अंडी घालतात. पिल्ले बाहेर पडली की उजेडाकडे धावतात, आणि शॅकचा दिवा चालू असेल तर समुद्र सोडून जमिनीकडे वळतात. एकच बटन, पण ते ऐन धंद्याच्या वेळी बंद करावे लागते.

घरचा अभ्यास: सर्वांनी एकत्र बसून आपली कुठे किती बाकी आहे ते पाहावे आणि येत्या एकादशीपर्यंत जमेल तेवढी चुकती करावी. ज्यांचा स्वतःचा धंदा आहे, त्यांनी आपल्या वहीतल्या कोणत्या घरासाठी अजून थांबता येईल ते बघावे. आकडे आणि नावे ग्रुपवर टाकू नयेत.