टाचांच्या भेगा : घरी काय करावे, डॉक्टरांकडे कधी जावे



थंडी सुरू झाली की घराघरांत हायझुंग चालू होते. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की ती कोरडी पडते आणि अंगातला ओलावा ओढून घेते. त्याचा पहिला फटका टाचांना बसतो. तळपायाच्या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे तिला वरून दिलेल्या स्नेहावरच भागवावे लागते. कातडी जाड व कोरडी झाली आणि तिच्यावर शरीराचा भार आला की ती बाजूंनी फाटते. हीच भेग. मागून उघड्या चपलांनी ती आणखी वाढते.

आपल्याकडे यावर उपाय होतेच. कोकणात कोकमाचे तेल गरम करून भेगांत भरत. घाटावर पायाला तूप लावून काशाच्या वाटीने तळवे घासत. न्हाणीघरात वजरी असे. वारीत दिवसभर चाललेल्या वारकऱ्यांचे पाय चोळून देणे ही तर सेवाच मानली जाते. या सर्वांमागची रीत आजही योग्य आहे : आधी कातडी मऊ करणे, मग हलके घासणे, शेवटी स्नेह लावणे.

रोजचा क्रम

१. रात्री झोपण्यापूर्वी कोमट पाण्यात ३ ते ५ मिनिटे पाय ठेवावेत. अर्धा तास भिजवल्याने कातडी उलट जास्त कोरडी होते. पाणी कोपराने तपासावे, पायाने नव्हे.

२. आठवड्यातून एकदोनदा वजरी हलक्या हाताने फिरवावी. येथे तिला बिम्सश्टाइन म्हणतात. ब्लेडने किंवा पात्याच्या खरवडणीने कातडी कापू नये.

३. पाय टिपून कोरडे करावेत, विशेषतः बोटांच्या बेचक्या.

४. लगेच क्रीम लावावे. आपोथेकेत १० टक्के यूरियाचे क्रीम चिठ्ठीशिवाय मिळते. भेग उघडी असेल तर ते झोंबते; तेव्हा साधे व्हॅसलिन बरे. बोटांच्या बेचक्यांत काहीच लावू नये, तेथे ओल राहून बुरशी होते.

५. वर सुती मोजे घालावेत आणि मगच पलंगावरून उतरावे. तेलकट पायाने गुळगुळीत फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर ते भेगेपेक्षा कितीतरी महागात पडते.

शाकाहारी भाविकांसाठी एक सूचना : डब्यावर ‘हिर्शटाल्ग’ लिहिले असेल तर त्यात हरणाची चरबी असते. ‘मेल्कफेट’मध्ये मात्र नावाप्रमाणे दूध नसते, ते मुख्यतः व्हॅसलिनसारखेच असते.

मधुमेह असेल तर

येथे सावध राहावे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. भेग पडते, खडा रुततो, चटका बसतो, तरी कळत नाही. घामही कमी येतो, म्हणून कातडी अधिक सुकते. त्या फटीतून जंतू आत शिरले तर जखम चिघळते आणि वेळेवर उपचार न झाल्यास बोट किंवा पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून काशाची वाटी, वजरी, गरम पाण्याची पिशवी आणि कुरूपावरच्या औषधी पट्ट्या यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने वापरू नये. रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा सुनेला, नातवाला पाहायला सांगावे. त्यात संकोच कसला?

भेगेतून रक्त किंवा पू येणे, लाली वर चढणे, सूज, ताप, पाय काळानिळा पडणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी हाउसआर्ट्स्ट गाठावा. दवाखाना बंद असेल तर ११६११७ या क्रमांकावर फोन करावा.

मधुमेहामुळे पायाच्या नसांना इजा झाली असेल तर डॉक्टर पोडोलोगेकडे जाण्याची चिठ्ठी देऊ शकतात. ‘पोडोलोगे’ ही पदवी २००२ पासून कायद्याने संरक्षित आहे. केवळ ‘फुसफ्लेगे’ लिहिलेले दुकान म्हणजे पोडोलोगे नव्हे. सरकारी आरोग्यविमा खर्च उचलतो. आपल्याला खर्चाच्या १० टक्के आणि प्रत्येक चिठ्ठीमागे १० युरो भरावे लागतात. वर्षभराची अशी सारी भरणा घरच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांपुढे, दीर्घ आजार असल्यास १ टक्क्यापुढे गेली, तर विमा कंपनीकडे माफीचा अर्ज करता येतो. पावत्या जपून ठेवाव्यात. मुलांकडे भेटीला आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात मात्र जुन्या आजाराचा खर्च बहुधा येत नाही. निघण्यापूर्वीच भारतात पाय तपासून घ्यावेत.

सेवेचे आवाहन

आपल्यातले काही ज्येष्ठ एकटे राहतात. जर्मन येत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणे ते पुढे ढकलतात, आणि दुखणे तोवर वाढते. ज्यांना महिन्यातून एक सकाळ देऊन त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाता येईल, दुभाष्याचे काम करता येईल, त्यांनी आरतीनंतर सेवा कक्षात नाव द्यावे. नवे सुती मोजे आणि यूरिया क्रीमच्या न उघडलेल्या नळ्याही तेथे स्वीकारल्या जातील. गरजूंना त्या नाव न विचारता दिल्या जातील.

मंदिरात चप्पल बाहेर काढतो, पण थंडीत ज्येष्ठांनी स्वच्छ मोजे घालून दर्शनास यावे. ज्या पायांनी देवाच्या दारी यायचे, त्यांची काळजी घेण्यात कसला कमीपणा नाही.