ज्वारीवरील किडी : आधी मोजणी, मग फवारणी

सोलापूर, बीड, धाराशिव या अवर्षणप्रवण टापूत ज्वारी म्हणजे घरची भाकर आणि गोठ्यातला कडबा. पहिल्या महिन्यात रोपे मेली तर ती हानी पुढील पावसाने क्वचितच भरून निघते. फुटवे येतात, परंतु त्यांची कणसे उशिरा व लहान येतात.

या हानीस मुख्यतः खोडमाशी कारण असते. मादी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी, लांबट अंडी एकेक घालते. अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंब कापते व पोंगा सुकतो. यासच पोंगेमर म्हणतात. खोडकिड्यानेही पोंगा मरतो, त्यामुळे दोहोंत गल्लत होते. सुकलेला पोंगा ओढून पाहावा. खोडमाशीचा असल्यास तो सहज उपटून येतो, बुडाशी कुजलेला असतो व त्यास दुर्गंधी येते. खोडकिडा असल्यास पानांवर ओळीने छिद्रे दिसतात आणि ताट चिरता अळी सापडते.

उगवणीनंतर आठवड्याने शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी २० झाडे पाहावीत. शंभरांत दहा पोंगे मेलेले आढळल्यास उपाय योजावा. हे काम शाळेतील मुलेही करू शकतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून फवारणी करणे म्हणजे मोजणी नव्हे. रोपे महिन्याची झाल्यावर खोडमाशीसाठी औषध मारणे म्हणजे पैसा वाया घालविणे होय.

खरिपात पाऊस सुरू झाल्यापासून आठ-दहा दिवसांत पेरणी उरकावी. बी थोडे जास्त पेरून, विरळणीच्या वेळी कीडग्रस्त रोपे उपटून नष्ट करावीत. बीजप्रक्रियेचे औषध वेष्टनावरील प्रमाणानुसारच वापरावे. रब्बीतील मालदांडी ३५-१ हा वाण खोडमाशीस बऱ्यापैकी तोंड देतो.

मिजमाशीचा प्रश्न मात्र एका शेतकऱ्याच्या हातचा नाही. ही नारिंगी माशी जेमतेम दिवसभर जगते व फुलोऱ्यातील कणसांत अंडी घालते. दाणा भरतच नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आले. लवकर व उशिरा फुलणारी पिके शेजारी असली की माशीला एकामागून एक फुलोरा मिळत राहतो. म्हणून पेरणीपूर्वी ग्रामसभेत वाण व पेरणीचा आठवडा ठरवावा. फुलोऱ्यात सकाळी कणसे पाहावीत. सरासरी कणसामागे एक माशी दिसल्यास त्याच वेळी उपाय करावा.

काढणीनंतर धसकटे वेचून जाळावीत आणि कडबा पुढील पावसाळ्यापूर्वी कुट्टी करून संपवावा, कारण खोडकिड्याची अळी त्यातच दडून राहते.