टस्कनीला जाताय? गाडीची किल्ली जरा जपून

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात हल्ली दर दोन घरांआड कुणीतरी युरोपला जाऊन आलेलं असतं, नाहीतर निघालेलं तरी असतं. त्यातले निम्मेअधिक टस्कनी ‘करून’ येतात. म्हणजे पीसाच्या कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू दिल्याचा फोटो काढतात, फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलसमोर गाइडच्या झेंड्यामागे उभे राहतात आणि रात्री जेवायला रोमला पोचतात. आम्ही सगळं स्वतः आखून गेलो. मी, आमचे हे, यांचा भाचा आणि त्याची बायको. सुख पुष्कळ मिळालं आणि भुर्दंडही बसला. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी भुर्दंडाचं. भाच्याची हौस म्हणून गाडी भाड्याने घेतली होती. इटलीत आपल्या लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. तो इथल्या आरटीओतच मिळतो आणि वर्षभर चालतो. ती तयारी चोख होती. लुक्काला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. फोनवरचा नकाशा सांगेल तसं वळत वळत आम्ही जुन्या गावात शिरलो. “मामी, रस्ता तर पूर्ण खाली पडलाय,” भाचा खुशीत म्हणाला. इंदुरात रस्ता मोकळा दिसला की माणूस गाडी घालतोच. तिथे तो मोकळा होता, कारण आत फक्त रहिवाशांनाच गाडी नेता येत होती. ना फाटक, ना शिट्टी वाजवणारा पोलीस. तांबड्या कडेची पांढरी गोल पाटी आणि वर खांबावर एक कॅमेरा, एवढंच. जागा सापडेना म्हणून बाहेर पडून पुन्हा त्याच बाजूने आत आलो.

आम्ही गेलो होतो मे महिन्यात. इकडे दिवाळीचा फराळ चालू असताना भाच्याच्या क्रेडिट कार्डावरून पैसे कापल्याचा मेसेज आला. तो दंड नव्हता. तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवला, त्या कागदपत्रांचा खर्च म्हणून भाड्याच्या गाडीवाल्यांनी कापलेली ती रक्कम होती. खरा दंड मागाहून टपालाने आला. त्यावर तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि प्रवेशाच्या ठिकाणाचं नाव होतं. आणि पाकिटं दोन, कारण आत गेलो दोनदा. बाहेर पडून पुन्हा शिरलात तर तो दुसरा गुन्हा धरतात.

या बंदिस्त भागाला तिकडे ‘झोना त्राफिको लिमितातो’ म्हणतात, पाटीवर इंग्रजी झेड, टी, एल ही तीन अक्षरं असतात. फ्लोरेन्स, सिएना, पीसा, लुक्का, सगळीकडे हीच व्यवस्था आहे. काही ठिकाणी दिव्याची पाटी असते. तिच्यावर ‘वार्को अत्तीवो’ आलं की प्रवेश बंद, ‘वार्को नॉन अत्तीवो’ आलं की चालू. आपण ‘अत्तीवो’ वाचून रस्ता चालू आहे असं समजतो आणि तिथेच फसतो. चालू असतो तो कॅमेरा. फोनवरच्या नकाशाला ही बंधनं कळतीलच याचा भरवसा धरू नका. तुमचं हॉटेल आतल्या भागात असेल तर त्यांना आधी गाडीचा नंबर कळवा, ते तो पोलिसांकडे नोंदवू शकतात. नाहीतर गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावून पायी आत जा. दंडाची नोटीस परदेशी माणसाला 360 दिवसांपर्यंत येऊ शकते आणि हातात पडल्यापासून 5 दिवसांत भरली तर 30 टक्के सूट मिळते. तेव्हा टपाल आलं की ‘बघू नंतर’ म्हणून कपाटावर ठेवू नका.

माझं मत विचाराल तर शहरांसाठी गाडी घेऊच नका. फ्लोरेन्सहून पीसा आणि लुक्का रेल्वेने सहज होतात. सिएनाला मात्र रेल्वेपेक्षा बस बरी. सिएना टेकडीवर वसलंय आणि स्टेशन पार खाली आहे, बस जुन्या गावाच्या जवळ सोडते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. खिशात पैसे भरलेलं तिकीट आहे पण शिक्का नाही, तरी दंड. गाडी घ्यायची ती फक्त खेड्यांसाठी, म्हणजे किआंतीच्या टेकड्या, व्हाल दोर्चाचं खोरं, पिएन्झा, मोंतालचिनो यांसाठी. तिथे बस दिवसातून मोजक्या वेळाच फिरकतात. आणि पेट्रोल पंपावर ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल. पेट्रोलला ‘बेन्झिना’ म्हणतात.

द्राक्षबागांकडे जाताना आणखी एक वाद घरातच मिटवून निघा: गाडी कोण चालवणार? इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. चव घ्यायची म्हणून चार-पाच पेल्यांत थोडी थोडी ओततात, पण तिची बेरीज होते. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. त्यात थुंकणं तिकडे असभ्य मानत नाहीत. आमच्याकडे भाच्याची बायको आणि हे चाखणार, भाचा चालवणार, मी बघणार, अशी वाटणी झाली. न पिणाऱ्यांनीही जावं असंच मी म्हणेन. फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधला हा टापू 1716 साली तिसऱ्या कोसिमो द मेदिचीने हद्दी आखून दिलेला आहे. अमुक सीमेच्या आतल्या द्राक्षांचीच ती किआंती, असा हुकूम. आज खऱ्या ‘किआंती क्लासिको’च्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचा छाप असतो. मोंतालचिनोची ब्रुनेल्लो तर द्राक्षं तोडल्यानंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी बाजारात आणताच येत नाही. आमच्या बागवाल्या बाईंनी मला वाइनऐवजी ऑलिव्हचं तेल चाखायला दिलं. ताज्या हिरव्या तेलाने घशात असा ठसका बसला की मिरची चावल्यासारखं डोळ्यांत पाणी आलं. तोच ठसका चांगल्या तेलाची खूण, असं त्या हसत म्हणाल्या. मात्र न कळवता दारात उभं राहू नका, बहुतेक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. परत येताना माणशी 2 लिटरपर्यंत दारू कस्टम्सला चालते. बाटल्या मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडकतात.

आता जेवण, कारण आपल्याकडे निम्मे प्रश्न त्याचेच. टस्कनीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण न विचारता खाल्लं तर फसतो. जेवणाआधी ब्रेडच्या भाजलेल्या तुकड्यांवर तपकिरी चटणीसारखं काहीतरी लावून आणतात. यांनी तुकडा उचललासुद्धा होता. ते कोंबडीच्या काळजाचं वाटण असतं, ‘क्रोस्तिनी नेरी’. दुसरा चकवा ‘लार्दो’ नावाच्या पातळ पांढऱ्या चकत्यांचा. दिसतात चीजसारख्या, असते डुकराची चरबी. बरीचशी चीजसुद्धा वासराच्या जठरातलं रेनेट वापरून केलेली असतात, कट्टर असाल तर हेही विचारा. बिनधास्त मागवा ती ‘पाप्पा अल पोमोदोरो’, म्हणजे शिळा ब्रेड टोमॅटोत शिजवलेला, आणि ‘पिची’ नावाच्या जाड शेवया लसूण-टोमॅटोच्या रश्शात. ‘रिबोल्लिता’ हे पालेभाजी आणि घेवड्याचं दाट सार आहे, पण पाणी मांसाचं आहे का ते विचारून. तिथला ब्रेड बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला बिघडलाय असं वाटतं, पण तो मुद्दामच तसा करतात. दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात ती सातपर्यंत उघडत नाहीत. इंदूरच्या माणसाला नेमकी पाचला भूक लागते. त्या वेळी बॅगेतल्या शेवेच्या पुड्यानेच आमची लाज राखली.

चित्रं बघायला जाणाऱ्यांनी आधी वार बघावा. उफिझी आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेलं अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला सहल कंपनीने फ्लोरेन्सला आणलं तेच सोमवारी, चौकातली डेव्हिडची नक्कल दाखवून पुढे नेलं. तिकिटं वेळेसकट आधी काढा. ब्रुनेल्लेस्कीच्या घुमटावर जायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांनी खालूनच नमस्कार केला. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणून एक ओढणी जवळ असू द्या. रस्त्यावर कुणी चित्रं पसरून बसला असेल तर पाय जपून टाका. चुकून पाय पडला की तो भरपाई मागत मागे लागतो.

पण माझं ऐकाल तर उफिझीतली गर्दी झाल्यावर सिएनाच्या नगरभवनात एक सकाळ काढा. चित्रकार बेंद्रे इंदुरातच जन्मले, देवळालीकरांच्या कलाशाळेत हुसेन शिकले, त्यामुळे चित्र म्हणजे काय हे आपल्या गावाला नव्याने शिकवायला नको. आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने 1338-39 मध्ये तिथल्या भिंतींवर चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं काढली. ती राजासाठी नव्हती. गाव चालवणारं नऊ जणांचं मंडळ त्याच दालनात बसायचं, रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असावीत म्हणून. चांगल्या कारभाराच्या गावात गवंडी परांचीवर उभे आहेत, जोड्यांचं दुकान उघडं आहे, मास्तर शिकवतोय, मुली फेर धरून नाचताहेत. वेशीतून एक श्रीमंत ससाणा हातावर घेऊन शिकारीला बाहेर पडतोय आणि खालून एक शेतकरी डुक्कर हाकत आत येतोय. काळं डुक्कर, खांद्यावर पांढरा पट्टा. ती ‘चिंता सेनेझे’ जात आजही सिएनाभोवती पाळतात, संध्याकाळी मेन्यूकार्डावर तिचं नाव वाचून मी दचकले. वेशीबाहेर नांगरलेली शेतं आणि वळणावळणाच्या टेकड्या आहेत, आणि वर हवेत तरंगणारी सुरक्षिततेची देवी. तिच्या हातात चक्क फासावर लटकलेला माणूस! शांतता फुकट मिळत नाही हे चित्रकाराने लपवलेलं नाही. समोरच्या भिंतीवर शिंगं असलेला जुलूम बसलाय आणि त्याच्या गावात काम करणारा एकच, शस्त्रं घडवणारा. पुढे 1348 च्या प्लेगने सिएना उजाड केलं आणि लोरेन्झेत्तीही त्यातच गेला असावा असं मानतात. दालनात अधूनमधून संवर्धनाचं काम असतं, प्रवेश आहे ना हे आधी विचारून घ्या. नंतर व्हाल दोर्चाकडे जाताना खिडकीबाहेर त्याच टेकड्या दिसल्या, तेव्हा भाच्याच्या बायकोने फोन पर्समध्ये ठेवून दिला.

व्हिसाचं थोडक्यात. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा. सहा महिने आधीपासून करता येतो, 15 दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. आजारपणाचा विमा किमान 30,000 युरोंचा सक्तीचा आहे. स्वस्तातला घेताना त्यात आपला मधुमेह-रक्तदाब धरलाय का ते वाचा.

हा विम्याचा कागद फ्लोरेन्समध्येच एका जागी मला आठवला. आर्नो नदीच्या काठाने काशीने नावाचं लांबच लांब उद्यान आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथे इंदूरच्या कृष्णपुऱ्यात शोभेल अशी एक छत्री उभी आहे. आत फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 साली ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर आजारी पडून 30 नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा इटलीत दहनाची रीत नव्हती, खास परवानगी मिळवून त्याच संगमावर अग्नी दिला. 1874 मध्ये हे स्मारक झालं. त्याचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. महाराज प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी लिहीत, ती 1872 मध्ये छापली गेली. शेजारच्या मोठ्या पुलालाही ‘भारतीयाचा पूल’ असंच नाव आहे.

आम्ही गेलो तेव्हा तिथे कुत्रा फिरवणारे एक आजोबा आणि आम्ही, एवढेच होतो. मराठी माणसांच्या कुठल्याही सहलीच्या पत्रकात ही जागा मी पाहिलेली नाही. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, कारण सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनाजवळून निघणारी ट्राम उद्यानाच्या अलीकडच्या टोकाशी सोडते आणि पुढे उन्हातून बरंच चालायचं आहे. पण जा. पीसाचा मनोरा एक तास कमी बघितला तरी चालेल.