पायाखालचे गोटे

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याची आजी एका सार्वजनिक इमारतीच्या दाराशीं पाय घसरून पडली. वाट नवी होती, स्वच्छ होती, आणि गवंड्यानें ती थापीनें घोटून आरशासारखी केली होती. तोच तिचा दोष. आजीबाईंच्या खुब्याचें हाड मोडलें; अजून त्या काठीवांचून चालूं शकत नाहींत. जेथून म्हातारीं माणसें व धांवणारीं मुलें रोज जावयाचीं, ती वाट कशी असावी, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या वर्गांत निघाला. त्याचें जें उत्तर आम्हांस सांपडलें, तें येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांचें मिश्रण, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांत सिमेंटचा वांटा थोडाच असतो. वाळू व खडी मिळून एकंदर घनफळाचा शेंकडा ६० ते ७५ भाग व्यापितात. असें असतां वरून पाहणारास एकही खडा दिसत नाहीं! याचें कारण असें कीं, पृष्ठभाग घोटतांना सिमेंटचा बारीक लगदा वर येतो व त्याची करडी साय धरते. हीच साय पावसांत निसरडी होते. ती वेळींच धुऊन काढली, तर खालचे खडे उघडे पडतात. वाटेस रंग येतो आणि पायास आधार मिळतो. शोभा व सुरक्षितता हीं दोन्हीं एकाच कृतीनें साधावीं, हें या कामाचें वैशिष्ट्य होय.

ही कला नांवारूपास आणणाऱ्यांत अमेरिकेंतील जॉन जोसेफ अर्ली (१८८१–१९४५) हा कारागीर अग्रगण्य होता. वॉशिंग्टन शहरांत मेरिडियन हिल नांवाचें सुमारें १२ एकरांचें सार्वजनिक उद्यान आहे. इटलींतील जुन्या बागांच्या धर्तीवर आंखलेल्या या उद्यानाचें काम १९१२ सालीं सुरू झालें व १९३६ सालीं पुरें झालें. सर्व काम दगडाचें करावें तर खर्च झेपणारा नव्हता, म्हणून काँक्रीट योजिलें. परंतु पहिले नमुने परीक्षकांस रुचले नाहींत. ते फार रुक्ष दिसत. तेव्हां अर्ली यानें काँक्रीट पुरतें कठीण होण्यापूर्वींच सांच्याच्या फळ्या काढल्या आणि तारेच्या ब्रशानें वरचें सिमेंट घांसून टाकिलें. आंतून पोटोमॅक नदीचे गोटे प्रकट झाले. पुढें त्यास असेंही आढळलें कीं, मधल्या आकाराचे खडे मिश्रणांतून वगळिले म्हणजे मोठे गोटे पृष्ठभागावर सारखे व दाट दिसतात. तेथील भिंती, कठडे व वाटा याच रीतीनें सजल्या आहेत, आणि १९९४ सालीं त्या उद्यानास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला. नदींतला साधा गोटा एवढ्या मानास चढला, तो केवळ त्यावरची साय योग्य वेळीं काढिल्यामुळें.

आतां पायवाटेची कृति पाहूं. जमीन धुमसून घट्ट करावी आणि सुमारें ४ इंच जाडीचें काँक्रीट पसरावें. पाणी वाहून जावें म्हणून शंभर फुटांस एक ते दोन फूट उतार ठेवावा. धुतलेले, गोल व टणक गोटे मिश्रणांतच घालितात. किंवा ओल्या काँक्रीटवर पसरून गुरमाळ्यानें हलकेच दाबितात. मग काँक्रीट आळण्याची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यांत तें लवकर आळतें, थंडीत उशिरां. म्हणून घड्याळावर भिस्त ठेवूं नये. एका कोपऱ्यांत ब्रश फिरवून पाहावा. गोटे उखडत असतील तर थांबावें. गोटे पक्के राहून वरची साय तेवढी निघत असेल, तर लागलेंच धुवावें. गोट्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग उघडा करूं नये; नाहीं तर तो निसटतो, आणि काठी टेकणारास किंवा चाकांच्या खुर्चीवरील मनुष्यास वाट खडबडीत होते. त्यानंतर निदान ७ दिवस वाट ओली ठेवावी. ओलें सिमेंट कातडी भाजून काढतें, म्हणून हातमोजे अवश्य घालावे. आणि धुवण गटारांत सोडूं नये.

हें सर्व शिकून आमच्या मुलांनीं शाळेच्या नळापाशीं तीन लाद्या ओतिल्या. पहिली त्यांनीं उतावळेपणानें फार लवकर धुतली. निम्मे गोटे पाण्याबरोबर वाहून गेले. दुसरी, तोच धडा घेऊन, सकाळपर्यंत तशीच ठेविली. ती इतकी कठीण झाली कीं तारेच्या ब्रशानें तिच्यावर ओरखडाही उठेना. तिसऱ्या लादीपाशीं आजीबाईंचा नातू बसून राहिला. तो थोड्या थोड्या वेळानें कोपरा तपासी आणि सोबत्यांस “अजून नाहीं” म्हणून सांगे. शेवटीं त्यानें पाणी मागितलें. ती लादी साधली.

तिन्ही लाद्या आम्हीं मुद्दाम तेथेंच ठेविल्या आहेत. साहित्य तिहींचें एकच, माणसेंही तींच. अंतर पडलें तें केवळ वेळेचें. हा धडा गवंडीकामापुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. मुलांस वाढविणाऱ्या पालकांनींही त्याचा विचार करावा. आमची दुसरी विनंती त्याहून साधी आहे. जे कोणी सार्वजनिक इमारती बांधितात किंवा बांधवितात, त्यांनीं दाराशीं वाट करितांना ती कोरडी असतांना कशी दिसेल हें पाहण्यापूर्वीं, भर पावसांत तिच्यावरून एखादी म्हातारी कशी चालेल, याचा विचार करावा. येत्या पावसाळ्यांत पालकांनीं आमच्या नळापाशीं यावें, आणि तिसऱ्या लादीवर अनवाणी उभें राहून पाहावें.